रबरी पेशंटला मी ‘अहो’ म्हटलं

मैत्रिणींनो, आज वाघोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात चौकशीला गेले होते. माझं वय चौतीस. पस्तीसनंतर प्रवेश नाही, म्हणून यंदाच ठरवायचं होतं, दोन वर्षांचं एएनएम की तीन वर्षांचं जीएनएम. खराडीतली नोकरी सोडावी लागणार, त्यामुळे मन दोन वर्षांकडेच होतं.

तिथल्या शिकवणाऱ्या मॅडमनी प्रॅक्टिकलची खोली दाखवली. खाटेवर रबरी पेशंट होता. म्हणाल्या, "याला कुशीवर करून बघा."

मी हात घातला आणि तोंडून निघून गेलं, "अहो, जरा वळवते हं."

मागे उभ्या कॉलेजच्या मुली खिदळल्या. "काकू, तो पुतळा आहे!"

"हसा," मॅडम म्हणाल्या. "पेशंटला सांगून हात लावायचा असतो, हे तुम्हाला अजून जमत नाही." मग मला हळूच विचारलं, "घरी कुणाचं करत होतात?"

"मिस्टरांचं. जाऊन दोन वर्षं झाली."

"मग तीन वर्षांचंच करा. हात तयार आहे, आता नीट शिका."

जीएनएमचा फॉर्म भरून आले. घराचं कुलूप उघडताना लक्षात आलं, ‘अहो’ म्हणायला दोन वर्षांनी आज कुणीतरी मिळालं होतं. बातमी सांगायला मात्र घरात कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

एकट्या राहणाऱ्या बायका अशी बातमी आधी कुणाला सांगतात हो?