हिकडं कामून आलास रे भाऊ

आमच्या सरांचं मराठी कडक इस्त्रीचं. ते पुण्यात, मी लातूरला घराच्या वरच्या खोलीत, आणि आमची टीम एका परदेशी बँकेचे मेनफ्रेमवरचे, म्हणजे जुन्या अवाढव्य संगणकावरचे, प्रोग्रॅम सांभाळते. मीटिंगमध्ये एकदा मी "ते मी करायले" म्हणाले, तर सर्वांसमोर दुरुस्ती आली, "करते आहे, असं म्हणा." मी "हो सर" म्हटलं आणि माइक बंद करून जे म्हणायचं ते म्हटलं.

काम तसं सोपं सांगता येतं. माणूस लिहितो तो सोर्स. यंत्र त्याचं स्वतःच्या भाषेत रूपांतर करून जे चालवतं, ते माणसाला वाचता येत नाही. बँकेचे हे प्रोग्रॅम मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहेत. सोर्सच्या चार-पाच नकला पडलेल्या, आणि चालू प्रोग्रॅम नेमका कुठल्या नकलेतून निघाला ते कुणालाच ठाऊक नाही. मग एकेक नक्कल पुन्हा यंत्रातून काढायची आणि चालू प्रोग्रॅमशी ताडून बघायची. तंतोतंत जुळली तर ती खरी.

सरांनी फर्मान काढलं होतं : महिनाअखेर सगळे जुळवा, नाहीतर घरून काम बंद, पुण्याला या. पुणं मी भोगून आलेय. एका खोलीत तिघी, डब्यातली गार पोळी आणि अंघोळीला नंबर. मला लातूर सोडायचं नव्हतं, काही केल्या नव्हतं.

सगळे प्रोग्रॅम जुळले, एक अडला. त्याची कुठलीच नक्कल बसेना. शेवटी मी चालू प्रोग्रॅमच उघडला. तो वाचता येत नसला तरी त्यातले संदेश मात्र साध्या अक्षरांत दिसतात. त्या सगळ्या कचऱ्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हिकडं कामून आलास रे भाऊ'.

मी खुर्चीतून पडायची बाकी होते. जिथे प्रोग्रॅम कधीच पोचू नये, तिथे चुकून पोचलाच तर त्याने द्यायचा हा संदेश : इकडे कशाला आलास बाबा! परदेशी बँकेच्या पोटात इतकी वर्षं कुणीतरी आमच्या भागातलं बसून होतं! सोर्सच्या सगळ्या नकलांत त्या जागी सभ्य इंग्रजी होतं, 'चुकीचा कोड'. म्हणजे सोर्समध्ये सफाई झाली, चालू प्रोग्रॅमपर्यंत ती पोचलीच नाही. सोर्सच्या माथ्यावर नोंद होती, 'संदेश सुधारला'. पुढे सुधारणाऱ्याची आद्याक्षरं. मूळ लिहिणाऱ्याचीही तीच. आमच्या सरांची.

एवढं हाती लागल्यावर गप्प बसेन तर मी कसली! सोर्स जुळवायचा तर ती जुनी ओळ त्यात परत टाकावी लागणार, आणि त्याला सरांची मंजुरी लागणारच होती. दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये मी तो संदेश सर्वांच्या पडद्यावर मांडला आणि अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "सर, क्लायंटला याचं इंग्रजी कळवायचंय. हे कुठलं मराठी आहे हो?"

पोरं खिदळायला लागली. सरांचा कॅमेरा बंद झाला. "नंतर बोलू," एवढंच आलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. मी पुण्याची बॅग मनातल्या मनात भरायला घेतली होती.

"म्याच लिवलं व्हतं ते," सर म्हणाले. "मुदखेडचा हाय मी, तुज्याच भागातला. नवा व्हतो, गंमत केली. मंग पुण्यातले लोक हासायला लागले माझ्या बोलन्याला, तवा समदं पुसून काढलं."

मला पहिल्यांदा हसू आलं, मग लाज वाटली. सकाळी मीही पोरांना हसवलंच होतं की त्यांच्यावर.

"ती ओळ जशी व्हती तशी परत टाक. मंजूर."

मी टाकली. प्रोग्रॅम जुळला. मग धीर करून विचारलं, "मी पुण्याला यायचं का, सर?"

"नगं येऊ. हितं आलीस की माझ्यासारखी व्हशील."

खाली माझे वडील फोनवर कुणाला तरी तुरीचा भाव ओरडून सांगत होते. सरांना त्रास नको म्हणून मी दार लावायला उठले.

"कोन हाय ते?"

"आप्पा आहेत, सर. दार लावते."

"नगं लावू," सर म्हणाले. "जरा आयकू दे."