ओब्रादने मोडलेला उपास

माझा थोरला भाऊ ओब्राद म्हणजे चालताबोलता उपास. आमच्या ख्रिस्ती उपासाला मांस, अंडी, दूध, चीज चालत नाही; हा तर बुधवारी आणि शुक्रवारी तेलाचा थेंबही घ्यायचा नाही. दुकानात बिस्किटाचा पुडा घेऊन भिंगातून वाचत उभा राहायचा, कुठे दुधाची भुकटी तर नाही ना. दुकानवाली त्याला पाहिलं की खुर्चीच पुढे सरकवायची. आयुष्यभर सुतारकाम केलं, लग्न केलं नाही. म्हणायचा, देवाच्या आज्ञा पाळायलाच दिवस पुरत नाही. इतकं पाळून चेहरा मात्र कायम आंबट. देवाचं ऐकलं की मन शांत होतं, असं जगाला सांगायचा, आणि कोणाची कोंबडी अंगणात आली तर दुपारपर्यंत धुसफुसायचा.

आमचे वडील गेले, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण माझ्या घरी होतं. दिवस नेमका शुक्रवार. माझ्या बायकोने, येलाने, चीजची थरांची पोळी केली होती, कारण वडिलांना ती आवडायची. बिचारी रडण्याच्या नादात वार विसरली. ओब्राद उठला, गावादेखत परात उचलली आणि कुत्र्यापुढे पालथी केली. "मेलेल्याच्या जेवणात पाप वाढू नका," म्हणाला. येला त्यानंतर चार वर्षं जगली, पण ती पोळी तिने पुन्हा केली नाही. मी त्याच्याशी अकरा वर्षं बोललो नाही, आणि खरं सांगतो, मजेत होतो. शिव्या घालायला आयता संत शेजारी राहत होता.

संत निकोला आमच्या कुळाचा रखवालदार, कुलदैवतच म्हणा. त्याच्या सणाला दोन्ही घरांत वेगळी मेणबत्ती, वेगळा पाव. देवळात पाद्री पाव कापतो, तेव्हा घरच्या दोघांनी तो धरून फिरवायचा, मोडायचा आणि एकमेकांचं चुंबन घ्यायचं. ओब्राद दरवर्षी घंटा वाजवणाऱ्या सावाला दुसरा म्हणून उभा करायचा. गेल्या वर्षी नवा पाद्री आला, दाढीही धड न भरलेला. पुढचं मला सावाने सांगितलं.

"ओब्रादकाका, तुम्हाला भाऊ आहे ना?" पाद्र्याने विचारलं.

"आहे. बोलत नाही आम्ही."

"मग पाव इथे ठेवा आणि आधी त्याच्याशी समेट करून या. प्रभू स्वतः तसं सांगून गेलाय. तुम्ही तर सगळं पाळता म्हणे."

ओब्रादने टोपी काखेत मारली. मग पाव ठेवला आणि निघाला.

सणाला कोणाला बोलवायचं नसतं आणि आलेल्याला हाकलायचं नसतं. नाताळाआधीचे उपास चालू होते, त्यामुळे माझ्याकडे पाहुणे मासे आणि घेवडा खात होते. दारात हा, टोपी हातात. मी उठलो, उपास नसलेल्या नातवंडांसाठी फडताळात ठेवलेली चीजची पोळी आणली आणि भला मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"खा, दादा. हल्ली कुत्रं नाही आमच्याकडे."

सून रूझा कुजबुजली, "मामंजी, नका ना असं."

मी तिच्याकडे बघितलंही नाही. आता हा ताट भिरकावणार, आणि याचं पाळणं किती खोल आहे ते गावाला कळणार, याचीच मी वाट बघत होतो.

ओब्राद बसला. क्रूसाची खूण केली आणि खाल्लं. सावकाश, शेवटच्या चुऱ्यापर्यंत. बिस्किटं भिंगातून वाचणारा माणूस.

"येलाची माफी मागायची राहिली," तो म्हणाला. "फार उशीर केला मी. तुझी तरी मागतो. येतोस पाव फिरवायला?"

"सावाला घे," मी म्हणालो.

"बरं."

रागावला नाही, तोंडही आंबट केलं नाही. माझ्या भिंतीवरच्या निकोलाच्या चित्राचं चुंबन घेतलं आणि गेला.

तेव्हापासून म्हातारा असह्य झालाय. रंधा मारताना गुणगुणतो. गावच्या कोंबड्या त्याच्या अंगणात हुंदडतात, त्यांना हा पावाचे तुकडे टाकतो. उपास अजून पाळतो, पण भिंग दुकानातच विसरलाय म्हणे. रोज कुंपणावरून विचारतो, "रादोश, बरा आहेस ना?" मी उत्तर देत नाही. शिवी द्यायला तोंड उघडतो, तर एकही धड सुचत नाही.

परवा रूझाने चीजची पोळी केली. शुक्रवार नव्हता, उपास नव्हता. मी घास तोंडात घातला, तो काही केल्या गिळवेना. त्याने खाल्ली आणि मोकळा झाला. माझ्या घशात ती अजून तशीच आहे.