पाहुण्यांसमोर चालणारा फोन

"मॅडम, तुमच्यासमोर चालतो. तुमची पाठ फिरली की रुसतो," बशीरभाई म्हणाले.

औशाच्या स्टँडजवळ त्यांचं टेलरिंगचं दुकान. आमच्या कंपनीचा घरगुती फोन त्यांच्या घरी ट्रायलला दिला होता. बोलता बोलता त्याच्या छोट्या पाटीवर आकृती काढली की पलीकडच्या स्क्रीनवर उमटायची. एकाच लाइनवर आवाज आणि डेटा. डिझाइन माझं.

त्यांची नाझिया मेडिकलची तयारी करत होती. लातूरचे सर संध्याकाळी फोनवर तिच्या शंका सोडवायचे. त्या वेळी लातूरला जाऊन यायला तिला सोबत नव्हती.

"सरांचा आवाज येतो, आकृती येत न्हाई. असंच चाललं तर क्लास बंद," बशीरभाईंनी सांगून टाकलं. नाझिया खाली मान घालून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेट बदलला, लाइन तपासली. आम्ही त्यांच्या घरी पोचलो की सगळं ठणठणीत. पुण्याहून मॅनेजर म्हणाले, "युजरला ट्रेनिंग दे."

"सर, पोरगी फिजिक्स सोडवते. तिला फोन वापरता येणार नाही?"

शेवटी चिडून न कळवताच एसटीनं औसा गाठलं. भाभींनी, म्हणजे नाझियाच्या अम्मींनी, दार उघडलं. मला बघताच त्या फोनकडे धावल्या आणि भिंतीवरचं बटण चालू केलं.

"भाभी, हे बंद होतं?"

"मग? टीव्ही असाच जळाला व्होल्टेजनं. बोलायच्या वक्ताला चालू करतो, झालं की बंद."

"आम्ही यायचो तेव्हा?"

"तुम्ही येणार कळलं की आधीच चालू. पाहुण्याला ताटकळत ठेवणं बरं दिसतं का?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या फोनचा आवाज टेलिफोनच्या तारेवरच चालायचा. स्क्रीनला मात्र घरची लाइट लागायची, आणि बटण दाबल्यावर स्क्रीन सुरू होऊन जोडली जायला चांगला वेळ खायची. तोवर सर पुढच्या मुलाकडे वळलेले असायचे.

भाभींना काही शिकवलं नाही. सेटमध्ये बॅटरी बसवली. बटण बंद असलं तरी स्क्रीन जागी राहील आणि बोलताना बटण चालू असेल तेवढ्यात बॅटरी चार्ज होईल, एवढं केलं.

पुढच्या संध्याकाळी सरांनी काढलेलं भिंग औशात उमटलं. "आलं सर, आलं!" नाझिया ओरडली. माझा जीव भांड्यात पडला.

बशीरभाई स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालू ठेव बेटा क्लास."

भाभींनी उठून बटण बंद केलं. भिंग तसंच दिसत होतं.

मशीन तपासायला जाताना आधी कळवू नये. आपल्याकडची माणसं पाहुण्यासमोर मशीनलासुद्धा नीट वागायला लावतात.