मोठीच्या मागे

दवाखान्याच्या धुलाईघरातून सुटल्यावर बाकीच्या बाया घरी जात. आत्या मात्र चादरी उकळून सुरकुतलेले हात काखेत खुपसून मैदानाच्या कठड्यावर येऊन बसायची. आदिवासी मुलांना पळायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला मुलं ‘शिट्टी’ म्हणत, म्हणून तीही तेच म्हणे. फुकट बूट वाटणारा माणूस तिच्या पचनी पडत नव्हता. भाचीचे बूट घरी आले, तेव्हा तिने आत हात घालून ते टाचेपर्यंत चाचपले होते.

तिच्या संशयाला कारण होतं. डोंगरातल्या वस्तीवर असेच गोड बोलणारे लोक आले आणि तिच्या धाकट्या भावाला वसतिगृहात घेऊन गेले. तो परतला तेव्हा आईने आपल्या बोलीत काहीतरी विचारलं आणि त्याने शहरी भाषेत उत्तर दिलं. आई त्यानंतर त्याच्याशी फारसं बोललीच नाही. पुढे तो कुठे गेला, पत्ता नाही. त्याचीच ही लेक, आत्याकडे वाढलेली. आणि आता शिट्टी या पोरीला महिनाभराच्या शिबिरासाठी परगावी न्यायचं म्हणत होता. आत्याच्या होकारावाचून ते होणार नव्हतं.

म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघायची. एक गोष्ट तिला खटकली. वस्तीवरचीच एक मोठी मुलगी दर वेळी पहिली यायची आणि भाची तिच्या मागे. दम शाबूत, पाय मोकळे, तरी मागेच. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. जिंकवायचंय मोठीला, आपली पोर नुसती सोबतीला.

घरी जाताना तिने विचारलंच. पोर गोंधळली.

“ती मोठी आहे ना, आत्या. मोठ्याला ओलांडून जायचं नाही, तूच सांगितलंस.”

आत्याची चाल मंदावली. पायवाटेवर मोठं माणूस पुढे, काठी आपटत. साप असला तर आधी त्याला दिसावा. हे तिनेच शिकवलेलं, पोर दुडूदुडू चालायची तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी तिने शिट्टीला गाठलं. पोर मोठीला मुद्दाम ओलांडत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, की येऊनही गप्प बसलात? आलं होतं, तो म्हणाला.

“पण घरचं शिकवलेलं मी कसं मोडू? तुम्ही रोज येता. म्हटलं, कधीतरी तुम्हीच बोलाल.”

उत्तर जरा जास्तच गुळगुळीत होतं. भावाला नेणारेही असेच अदबीने बोलायचे. फक्त आईच्या बोलण्याची वाट बघत ते थांबले नव्हते.

तिने भाचीला हाक मारली आणि आपल्या बोलीत सांगितलं, इथे साप नाहीत, जा पुढे. मोठीने ते ऐकलं आणि ती हसली. “ये की. बघू तरी.”

त्या फेरीत भाचीने वळणावर मोठीला मागे टाकलं. एकदा वळून आत्याकडे बघितलं. मग नाही बघितलं.

आत्याने होकार दिला, पण अट घालून. रोज संध्याकाळी फोन, आणि पोर आपल्या बोलीतच बोलणार.

“ज्या दिवशी शहरी भाषेत उत्तर येईल, त्या दिवशी मी न्यायला येईन.”

शिट्टीने मान डोलावली. जरा पटकनच डोलावली, असं तिला वाटलं. घरी पोचल्यावर तिने बूट पुन्हा एकदा चाचपले आणि मग पिशवीत भरले.