उडता माणूस आणि डिनर सेट

विजारीवर चड्डी घालून उडणाऱ्या एका माणसाची चित्रं काढण्यात माझ्या वडिलांनी ऐन उमेदीची वीस वर्षं घालवली. मुलांच्या स्वस्त चित्रपुस्तकांसाठी. शाळेत मला त्याची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील बँकेत होते, आमचे घरी बसून गुंडांना ठोसे मारायचे, तेही कागदावर.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे चंदीगडजवळ चंडीमंदिरच्या फौजी क्वार्टरमध्ये राहायला आले. चित्रांचा विषय मी कधी काढला नाही.

मग गेल्या रविवारी मोहालीहून त्यांचा एक चाहता उगवला. पन्नाशीचा आयटीवाला, सुटलेल्या पोटावर ताणलेला टी-शर्ट आणि त्यावर तोच उडता माणूस.

"सर का हीरो कभी ज़मीन पर पाँव नहीं रखता," तो मला समजावू लागला. "नीचे हमेशा धुआँ. क्या फिलॉसफी है, बहन जी!"

कसली डोंबलाची फिलॉसफी! बाबांना बूट रेखाटणं जमत नसे, म्हणून ते पायांशी धूर भरायचे. हे मला पहिलीत असल्यापासून माहीत होतं. बाबा मात्र गंभीरपणे मान डोलावत होते. मला दोघांचीही कीव आली.

चाहत्याला प्रदर्शनासाठी मूळ चित्रं हवी होती. हल्ली बाबांच्या हातातला चहासुद्धा बशीत सांडतो, नवं काही काढणं शक्यच नाही.

"सब मेरी बेटी के पास है," बाबा म्हणाले. "संभालके रखा है उसने." आणि विश्वासाने माझ्याकडे बघू लागले.

लग्नात त्यांनी त्या मूळ चित्रांच्या जाड पुठ्ठ्यांचा गठ्ठा मला दिला होता. नवऱ्याच्या पहिल्याच बदलीत मी ते पुठ्ठे कापले आणि डिनर सेटच्या दर दोन प्लेटांमध्ये एकेक तुकडा घातला. पुढच्या प्रत्येक बदलीला तेच वापरले.

मी डिनर सेटची काळी ट्रंक उघडली आणि प्लेटांमधले तुकडे काढून समोर ठेवले.

"बहन जी, ये आपने क्या किया!" चाहता जवळजवळ रडायलाच लागला. इतका वेळ मी त्याला मूर्ख समजत होते. आता मला माझीच शिसारी आली.

बाबांनी एक तुकडा उचलला. अर्धा चेहरा, थोडा धूर, वर प्लेटचा गोल वळ.

"प्लेटा फुटल्या का गं?"

"नाही, बाबा."

"इतक्या बदल्यांत?"

"एकही नाही."

ते चाहत्याकडे वळले. तो तुकडा त्यांनी त्याच्यासमोर धरला.

"देखा?" बाबा म्हणाले. "एक भी नहीं टूटी."