जिवलीचा मांडव

तानसा धरणाच्या पलीकडे डोंगराला टेकून वारल्यांचा एक पाडा आहे, तिथे जिवली राहते. आमच्या धंद्यात तिला सगळे ओळखतात, कारण शूटिंगला लागणारी गर्दी ती पुरवते. बाजार हवा, जत्रा हवी, मोर्चा हवा, की जिवलीला फोन जातो. ती माणसं घेऊन येते, त्यांना उन्हात कुठे उभं करायचं ते ठरवते, आणि जेवणाला उशीर झाला की मॅनेजरला सगळ्यांसमोर फैलावर घेते. "माणसं हायेत, बाहुल्या नाय!" या वाक्यावर मी मोठमोठे मॅनेजर पळताना पाहिलेत.

मी कविता. वाशिंदला राहते आणि मालिका लिहिते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचे हक्क विकत घ्यावे लागत नाहीत, हा शोध गेल्या वर्षी आमच्या चॅनेलला लागला. झालं! राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर येऊन आदळलं. "याचं मराठी कर, आणि हिरवळ घाल," असा हुकूम. हिरवळ म्हणजे डोंगर, पाडा आणि जमलंच तर बैलगाडी. मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि कामाला लागले.

गोष्ट तशी सोपी होती. गिरणीमालकाच्या घरी शिवणकाम करणारी एक पोरकी मुलगी. मालकाचा पुतण्या तिच्याशी चोरून लग्न लावतो, पण लग्न लावणारा पादरी खोटा असतो, पुतण्याचाच पत्ते कुटणारा दोस्त. पुढे तिला कळतं की आपलं लग्न झालेलंच नाही. मग लाज, बदनामी आणि दोनशे पानं रडारड. माझ्या मराठी गोष्टीत हा पुतण्या मुलीला डोंगरातल्या पाड्यावर आणतो आणि तिथल्या रीतीने लग्न लावल्याचं नाटक करतो. हिरवळीची सोय झाली म्हणून चॅनेल खूश.

जिवलीच्या अंगणात कोरा चहा पिताना मी तिला हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग झालं काय, ताई? दोघं राहतात ना एकत्र? लगीन मागून करतील."

मी कपाळावर हात मारला. वारल्यांत हे असंच चालतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. लग्नाचं जेवण, पाहुणे, चार दिवसांचा थाट हे सगळं जमेपर्यंत दोघं सुखाने संसार करतात, पोरं होतात, कुणी नाक मुरडत नाही. अट एकच, पोरांची लग्नं लागण्याआधी आईबापाचं लागलं पाहिजे.

"पण खोटं सांगितलं त्यानं," जिवली म्हणाली. "ते वाईट. त्याला बडवला पायजे."

मग तिने आपलंच सांगायला सुरुवात केली. तिचं आणि लखमाचं लग्नही राहूनच गेलं होतं. वीस-बावीस वर्षं झाली. थोरली तानी आता लग्नाची, चैत्रात तिचं ठरलंय. लखमा म्हणतो, तानीच्याच मांडवात सकाळी आपलं उरकून घेऊ. पुष्कळजण तसं करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण जिवलीला ते नको होतं.

"लेकीच्या दिवसात मी कशाला घुसू? मला माझा मांडव पायजे गो ताई. एक दिवस माझा. मला लय हौस हाय."

हे बोलताना तिचे डोळे भरून आले आणि ती माझ्यावरच चिडली, चहा गार केला म्हणून.

भाताची झोडणी उरकली आणि आम्ही शूटिंगला गेलो. मांडव घालायचं काम लखमाला दिलं होतं. आमच्या कलादिग्दर्शकाने त्याला सांगितलं होतं, चार बांबू आणि वर प्लास्टिकची फुलं, दोन बाजू दिसल्या की पुरे. लखमाने मान डोलावली आणि चारही बाजूंनी भक्कम मांडव घातला, वर आंब्याचे टहाळे, मध्ये उंबराची फांदी. खोटा मांडव कसा घालतात ते त्याला येत नव्हतं. भिंतीवर "दोन-चार नाचणारी माणसं काढा" म्हणून बायकांना सांगितलं होतं. त्यांनी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढला, लग्नात काढतात तसाच.

बाईजा आली. ती पाड्याची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यानेच लग्न लागतं. जिवलीनेच तिला आणलं होतं. म्हातारीने मांडव पाहिला, चौक पाहिला, समाधानाने पाय पसरून बसली आणि म्हणाली, "नवरी आणा."

आमची नायिका नटूनथटून पुढे आली.

"हिला नवरा नाय ना?"

नायिकेचा नवरा ठाण्याला दातांचा डॉक्टर आहे. जिवलीने ते सांगून टाकलं, तिच्या पोटात काही राहत नाही.

बाईजाने पाय जवळ घेतले. "मग मी कशी गाऊ? मी गायले की लगीन लागलं. ती घरी जाऊन काय सांगेल?"

आमचा दिग्दर्शक हरेश तिला समजावत राहिला की हे खोटं आहे, नाटक आहे, टीव्हीत आहे. म्हातारी ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच विचारायची, "गाणं खरं ना पण?" हरेश घामाघूम झाला. मला हसू आवरेना.

मग बाईजाच म्हणाली, "मांडव तयार हाय, चौक तयार हाय. देवीला बोलावून उपाशी परत नाय धाडायची. कुणाचं तरी लगीन लावा." आणि तिने जिवलीकडे पाहिलं. "तुझं बाकी हाय ना गो?"

सगळा पाडा हसला. जिवली मात्र हसली नाही.

"नाय. लेकीच्या मांडवात नको म्हनले, तर आता सिरीयलच्या मांडवात? माझं लगीन असं वरकामात नको." ती तरातरा निघून करवंदीच्या जाळीपाशी जाऊन बसली, पाठ फिरवून. मला वाईट वाटलं. तिची चूक नव्हती.

लखमा कमी बोलणारा माणूस. तो उठला, तिच्याजवळ गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सिरीयलचा कसला मांडव? मी घातलाय. बांबू मी तोडले, उंबर मी आणला." मग म्हणाला, "घालताना मला तुझीच आठवन येत होती. मलाबी हौस हाय, जिवले."

मला वाटतं हे वाक्य त्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं असावं. जिवलीने वळून पाहिलं, पदराने नाक पुसलं आणि सरळ हरेशसमोर येऊन उभी राहिली.

"सर, कॅमेरे मिटा. आज मांडव माझा. तुमी सगळे पावने."

हरेशचं तोंड उतरलं, मग खुललं. "अगं, पण हेच शूट करू ना! खरं लग्न, खरं गाणं, कसलं भारी दिसेल!"

"नाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिने पाहुणा म्हटलंय तर पाहुण्यासारखा बस."

बसला बिचारा. युनिटचं जेवण पाड्याच्या जेवणात मिसळलं. हळद लागली, ढोल वाजला, बाईजा संध्याकाळपर्यंत गायली आणि बाकीचं उद्या घरी म्हणून बजावून उठली. तानीने आईच्या कपाळाला बाशिंग बांधलं. मायलेकी दोघीही रडल्या, आणि खरं सांगायचं तर मीही रडले. आमच्या नायिकेने मनसोक्त नाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझा प्रश्न माझ्यापाशी तसाच होता. पुस्तकात खोटा पादरी आहे, मी खोटी धवलेरी कुठून आणणार? गाणं तर खरंच असतं. रात्रभर विचार करून मी धवलेरीच काढून टाकली. पुतण्या घाईत आहे, तो मोठ्याने स्पीकर लावतो, हार घालतो, संपलं. गाणं नाही. आणि कळल्यावर माझी नायिका लाजेने खंगत नाही, पुतण्याला बडवायला निघते. चॅनेलने कुरकुर केली, मग मान्य केलं.

तो भाग लागला तेव्हा मी मुद्दाम जिवलीच्या घरी गेले. अर्धा पाडा टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर स्पीकर दणाणला, पुतण्याने हार घातला, नायिका लाजली.

"अगो ऊठ!" जिवली ओरडली. "ऊठ तिथनं! गानं कुठं हाय?"

"गप गो, बघू दे," लखमा म्हणाला. "तुला लय कळतं."

"कळतं तर!" जिवली पदर खोचून म्हणाली. "लगीन झालेली बाई हाय मी."