चारुकाकांनी निवडलेला लॅपटॉप

कॅनबराच्या गुंगालिन भागात आमच्यापैकी कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला, की आधी चारुकाकांना फोन जातो. दुकान नंतर.

चारुदत्त देवस्थळी हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ पुण्याचे. इथे कॅनबरात एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअरचं काम कॉन्ट्रॅक्टवर करतात. कॉन्ट्रॅक्ट संपतं, दुसरं मिळतं, बिल्डिंग बदलते, काम साधारण तेच राहतं. मुलंबाळं नाहीत. घरी ते आणि सुहासिनीकाकू. मराठी मंडळाच्या कुठल्याही जेवणात हातात प्लेट घेऊन काका कोपऱ्यात उभे दिसले, की समोर कुणीतरी मोबाइलवर दोन मॉडेल उघडून ठेवलेली असणार हे नक्की. काका घास संपवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "काम काय करणार आहेस त्यावर? ते आधी सांग."

मलाही त्यांनी हेच विचारलं होतं. मी सांगत गेलो, ते ऐकत गेले, आणि त्यांनी सुचवलेलं मशीन आजही उत्तम चालतंय. त्यामुळे नुपूरच्या बाबतीत जे झालं ते त्यांनी मला स्वतः सांगितलं, तेव्हा माझा आधी विश्वासच बसेना.

नुपूर ही त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राची, यतिनची मुलगी. वॉलॉंगॉंगच्या युनिमध्ये शिकायला आली तेव्हा यतिनकाकांनी तिला एअरपोर्टवर सोडतानाच सांगितलं होतं, काहीही लागलं तर चारुला विचार. तिने विचारलं. भाड्याने घर घेताना विचारलं, टॅक्स भरताना विचारलं. शिक्षण संपून सिडनीच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा लॅपटॉपसाठीही त्यांनाच फोन केला. ही कंपनी आडगावच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. मशीन ज्याने त्याने आपलं आपण निवडायचं, पैसे कंपनी देणार, पण पुढची काही वर्षं तेच वापरायचं.

फोन आला तेव्हा काका लाइट रेलमध्ये होते. सकाळची वेळ, गाडी भरलेली, थोड्याच वेळात मीटिंग. नुपूर म्हणाली की तिला कोडिंग तर करायचंच आहे, पण प्रवासही खूप आहे, महिन्यातून एकदा तरी पार कोबारच्या पलीकडे, आडरानात जावं लागणार. काकांनी विचारलं, कुठली बॅग वापरतेस? खांद्याला लावायची की पाठीवरची? मग म्हणाले, एकटी मुलगी, छोट्या विमानातून हिंडणार, तुला हलकाच बघू. ती चाचरत म्हणाली की जरा जास्त मेमरी असली तर बरं, कंपनीतली मुलं म्हणत होती. काका हसले. "अगं, सगळं क्लाउडवर असतं आता. तू काय सिनेमा एडिट करणार आहेस?"

अलिंगा स्ट्रीटला उतरण्याआधी त्यांनी तिला लिंक पाठवून दिली. पातळ, देखणा, वहीसारखा लॅपटॉप. मेमरी बेताची, आणि ती नंतर वाढवता न येणारी. नुपूरने थँक्यू काका म्हणून तोच घेतला.

इथे काकांच्या कामाबद्दल सांगायला हवं. त्यांच्या कामात लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. खरं काम कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चालतं, आणि शहरात नेट कधी जात नाही. नेटच नाही अशा जागी बसून काम करायचं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी नुपूरला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मंडळाच्या व्हिडिओ कॉलवर वगैरे भेट झाली की काका विचारायचे, लॅपटॉप कसा आहे? ती म्हणायची, मस्त आहे काका.

जूनच्या लाँग वीकेंडला काका-काकू वॉलॉंगॉंगला तिच्याकडे गेले. काकूंनी भाजणी नेली होती, थालीपिठं लावायची म्हणून. बाहेर समुद्रावरून इथल्या हिवाळ्याचा बोचरा वारा, बाल्कनीतून पोर्ट केंब्लाच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती. टेबल मोकळं करायला काकूंनी खुर्चीवरची नुपूरची सॅक उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"अगं, दगड भरलेस का काय हिच्यात?"

नुपूर ओट्यापासून लगबगीने आली, पण तोवर अर्धवट उघड्या चेनमधून काकांना दिसलं होतं. आत दोन लॅपटॉप होते. एक त्यांनी निवडलेला. दुसरा जाडजूड, काळा, कोपऱ्यात टवका उडालेला.

नुपूरने आधी ऑफिसचा आहे, सहज आणला, असं सांगून पाहिलं. काकांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि सरळ सांगितलं. ती ज्या दवाखान्यांत जाते तिथे नेट येतं-जातं. त्यामुळे सगळी सिस्टिम, डेटाबेससकट, स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवावी लागते. पहिल्याच दौऱ्यात नर्सेस आणि डॉक्टर गोलाकार बसलेले असताना हलका लॅपटॉप गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा गोठला. शेवटी एका वयस्क नर्सने चहा करून आणला आणि नो वरीज म्हणाली. ऑफिसमध्ये मात्र तिचं प्रोबेशन वाढवलं. मग तिने एका सहकाऱ्याचा जुना लॅपटॉप घेतला. तो सिस्टिम चालवतो, पण बॅटरी मेलेली, प्लगशिवाय उठत नाही. म्हणून मेल आणि लिहिण्यासाठी हाही लागतो. दोन्ही वाहून न्यायचे. पुढच्या दौऱ्यानंतर नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

"मला का नाही सांगितलंस?" काकांचा आवाज थोडा चढला. "मी कायम सांगतो, अडचण आली की फोन कर."

"केला होता ना काका. घेताना."

 ती रागात नव्हती, हेच त्यांना जास्त लागलं. सांगू का नको अशी थोडी घुटमळली आणि म्हणाली, "निनाददादाला तुम्ही विचारलं होतं, काम काय करणार. मला विचारलंत, बॅग कुठली आहे."

निनाद म्हणजे काकूंचा भाचा. सिडनीत वेंटवर्थव्हिलला राहतो, त्याच क्षेत्रात आहे. त्याच्यासाठी काका मुद्दाम सिडनीला गेले होते. तिथल्या एका डोशाच्या हॉटेलात बसून त्यांनी त्याच्याकडून कामाचा बारीकसारीक तपशील काढून घेतला होता, पेपर नॅपकिनवर आकृत्या काढल्या होत्या. त्याला मशीन वजनदार मिळालं, तेव्हा त्याच्या खांद्याची चिंता कुणी केली नव्हती. आणि त्यातलं सगळ्यात वाईट असं की त्या दिवशी नुपूर शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, सुट्टीत आलेली, डोसा खात.

थालीपिठं झाली, खाल्ली. काकांनी दोनदा लोणी मागितलं आणि दोन्ही वेळा ते समोरच होतं.

परतताना पिक्टन रोडवर काकूंनी गाडीतला हीटर वाढवला. मग इतकंच म्हणाल्या, "मलाही तुम्ही हलकाच दिला होतात. मी आपली मेल बघते म्हणून चाललं."  काकू विमा कंपनीत अ‍ॅनलिस्ट होत्या, निवृत्त होईपर्यंत.

नवा घेऊन द्यायचा तर नुपूर घेणार नाही, हे त्यांना कळत होतं. घरी त्यांचा स्वतःचा लॅपटॉप होता. मोठ्या मेमरीचा, दणकट, हौसेने घेतलेला, आठवडेच्या आठवडे रिव्ह्यू वाचून. त्यावर ते फोटो लावायचे आणि बुद्धिबळ खेळायचे. पुढच्या शनिवारी त्यांनी तो पुसून कोरा केला आणि एकटेच वॉलॉंगॉंगला गेले. नुपूर सोमवारी दौऱ्यावर निघणार होती.

तिने दारातच ओळखलं. "काका, रागावू नका," ती जरा हसून म्हणाली, "पण तुम्ही निवडलेला आणखी एक लॅपटॉप नको."

"निवडला नाही. माझा आहे. चालतो का ते तू बघ. नाही चालला तर परत नेतो."

तिने विचार केला आणि टेबलावर जागा केली. आधी वायफाय बंद केलं. मग एकेक करत सगळं चढवलं आणि चालू केलं. काका बाजूच्या खुर्चीत बसून होते. ती मध्येच एका ठिकाणी अडली तेव्हा त्यांच्या तोंडात सूचना आली होती, ती त्यांनी गिळली. दहा ओळी खाली जाऊन तिनेच ते सोडवलं. स्क्रीनवर लसींच्या तारखा होत्या, बाळांची वजनं होती, एका आजीबाईंच्या औषधांच्या वेळा होत्या, सगळी खोटी माणसं, चाचणीसाठी बनवलेली. ती स्वतःशीच पुटपुटत मशीनला प्रश्न विचारत होती. एवढ्या नोंदी आल्या तर? वीज गेली तर? एकाच वेळी दोन नर्सेसनी टाइप केलं तर? असे प्रश्न काकांना कुणी कधी विचारले नव्हते, आणि हे काम ती वर्षभर करत होती.

"चालेल," ती शेवटी म्हणाली. "या एका ट्रिपसाठी नेते. चार्जर मात्र विटेएवढा आहे. कायमचा मी माझा बघून ठेवलाय, तो या महिन्यात येईल."

कुठला, हे विचारायचा त्यांना मोह झाला. विचारलं नाही. हाच ठेव म्हणाले, ती नको म्हणाली.

दौरा झाला, नोकरी पक्की झाली. ही बातमी तिने काकूंना कळवली. काकांचा लॅपटॉप निनादबरोबर परत आला, स्वच्छ पुसलेला.

त्याच आठवड्यात पुण्याहून यतिनकाकांचा फोन आला. चारू, तुझ्यामुळे पोरीचं निभावलं, ती सांगत होती की ऐन वेळी तू तुझा लॅपटॉप दिलास. त्यांना गहिवरून आलं होतं. चारुकाकांना तिथेच गप्प बसता आलं असतं. पहिल्या लॅपटॉपबद्दल घरी काही न सांगून नुपूरने त्यांच्यासाठी तेवढी जागा ठेवली होती.

"यतिन, आधीचा मी चुकीचा दिला होता," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. लाइट रेल, बॅग, निनाद, गोठलेला स्क्रीन, वाढलेलं प्रोबेशन, दोन लॅपटॉपची सॅक.

 प्रोबेशन वाढल्याचं यतिनकाकांना माहीतच नव्हतं.

"आम्ही रोज बोलतो रे," ते म्हणाले. "मला का नाही बोलली ती?"

चारुकाकांना उत्तर माहीत होतं. पण आता तेही नुपूरच्या वतीने आपणच द्यावं, असं त्यांना वाटेना.

"तिलाच विचार," ते म्हणाले. "आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नकोस."